लायसन्स निलंबनाची सुनावणी : परिवहन कार्यालयाला दोन तारे, कोर्टाला चार

आधीच सांगते, माझ्या भाच्याने ओव्हरटेक चुकीचाच मारला होता. घाटातलं वळण, रस्त्यावर अखंड पिवळी रेषा, पुढे रेंगाळणारा ट्रॅक्टर. याने दुधाचा टेम्पो उजवीकडे काढला, समोरून मोटरसायकल आली, दोघांनीही ब्रेक दाबले, मोटरसायकल घसरली आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला मार बसला. हाड मोडलं नाही हे दोघांचंही नशीब; मोडलं असतं तर जास्त शिक्षेचं पोटकलम लागलं असतं.

मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूलच्या गाडीत कुणी असा ओव्हरटेक मारायला गेला असता, तर माझ्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली असती आणि त्याला उरलेला वेळ मागच्या सीटवर बसवला असता. तेव्हा 'आमच्या पोरावर अन्याय झाला' असं रडगाणं इथे नाही. त्याचं लायसन्स काही काळ जायलाच हवं होतं. ते जाताना त्याला काय विचारलं गेलं, कोणते कागद दाखवले आणि शेवटी कोणत्या गुन्ह्यासाठी गेलं, त्याचा हा अभिप्राय आहे. "सरकारी कामाचा कुणी रिव्ह्यू लिहितं का?" असं आमच्याकडे विचारून झालंय. हॉटेलचा लिहितात, मिक्सरचा लिहितात, मग याचा का नाही? इथे तर गिऱ्हाइकाला दुसरं दुकानही नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की लायसन्स पोलीस सस्पेंड करतात. नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये त्याला दोन दरवाजे आहेत. कलम १९ प्रमाणे परिवहन कार्यालयातला अनुज्ञप्ती (म्हणजे लायसन्स) प्राधिकारी, आणि कलम २० प्रमाणे दोष सिद्ध झाल्यावर कोर्ट. पोलीस लायसन्स जप्त करून पुढे पाठवू शकतात, तेवढंच. २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण गेलं होतं. अतिवेगासाठी पोलीस अधिकाऱ्यानेच ९० दिवसांचं निलंबन करून टाकलं होतं, आणि कोर्टाने सांगितलं की हा अधिकार पोलिसांचा नाही. भाच्याच्या बाबतीत दोन्ही दरवाजे एकदमच उघडले. अपघात झाला म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे), सोबत मोटार वाहन कायद्याचं १८४, म्हणजे धोकादायकपणे वाहन चालवणे. केस कोर्टात, लायसन्स आरटीओत.

सगळ्यात जास्त राग मला ज्या गोष्टीचा आला, ती या दोन्हींच्या आधीची. जप्तीची पावती.

हवालदारसाहेब स्वभावाने चांगले होते. पावती फाडून देताना म्हणाले, "काळजी करू नका, लायसन्स परत येईपर्यंत ही दाखवायची, गाडी चालवता येते." भाचा खूश. मी घरी येऊन कलम काढून वाचलं. कलम २०६ मध्ये जुनी तरतूद आहे, त्यात पावतीवर गाडी चालवता येते हे खरं. पण २०१९ च्या दुरुस्तीने त्यात चौथं पोटकलम घातलं. अतिवेग, धोकादायक चालवणं, दारू, शर्यत, इतकंच काय हेल्मेट नसणं, अशा यादीतल्या गुन्ह्यात लायसन्स जप्त झालं असेल, तर पावती मिळते पण त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. स्पष्ट लिहिलंय. हवालदाराचं ऐकून भाचा दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घेऊन निघाला असता आणि पुन्हा कुठे धडक झाली असती, तर वेगळा गुन्हा आणि वर विमा कंपनीने हात वर केले असते.

म्हणजे बघा. सुनावणी व्हायची आहे, आदेश निघायचा आहे, गुन्हा झाला की नाही हे कुणी ठरवलेलं नाही, आणि माणूस पहिल्या दिवसापासून घरी. दारू पिऊन चालवणाऱ्याला रात्रीच्या रात्री रस्त्यावरून बाजूला काढायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हा आकडा मी प्रत्येक नव्या बॅचला फळ्यावर लिहून दाखवते. पण आधी शिक्षा सुरू करायची असेल तर सुनावणी झटपट घ्या. तसं बंधन मला त्या कलमात कुठे दिसलं नाही. आणि घेतलीही नाही. लायसन्स आरटीओत पोचून पडून राहिलं, टेम्पोमालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्याला दोष देत नाही, दूध कुणासाठी थांबत नाही.

आता परिवहन कार्यालय. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. कार्यालयाची बदनामी करायची नाही, आणि इतर ठिकाणी याहून फार वेगळं असेल असंही नाही.

कारणे दाखवा नोटीस आली ती सुनावणीच्या अगदी तोंडावर. छापील कागद. वर नाव आणि लायसन्स नंबर निळ्या बॉलपेनने भरलेला. खाली गुन्ह्यांच्या चौकटी: अतिवेग, सिग्नल तोडणे, जादा माल, मालवाहू गाडीत माणसं नेणे, मद्यपान, मोबाइलचा वापर. यातल्या शेवटच्या चौकटीत टिकमार्क. मोबाइल!

भाचा बघतच राहिला. "मावशी, फोन तर डॅशबोर्डवर पण नव्हता. खिशात होता."

ही यादी कुठून आली ते मला लगेच कळलं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की या गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. छापील नोटीस त्याच यादीवरून बनवलेली दिसत होती. त्या यादीत चुकीचा ओव्हरटेक नाही. म्हणजे भाच्याने जे केलं होतं त्याला या कागदावर चौकटच नव्हती. कुणीतरी मग जवळची चौकट निवडली, असा माझा अंदाज. नोटिशीवर घटनेचं ठिकाण नाही, वेळ नाही, पोलिसांचा अहवाल जोडलेला नाही. उत्तर द्यायचं तर कशाचं द्यायचं?

सुनावणीचा दिवस. व्हरांड्यात दोन बाकडी, त्यांवर बसलेले लोक आणि त्याहून जास्त उभे. हेल्मेटशिवाय पकडलेली कॉलेजची पोरं, ओव्हरलोडचे डंपरवाले, एक बँकेतला माणूस स्पीडगनवाला. या स्पीडगनवाल्याची गंमत सांगण्यासारखी आहे. अतिवेगाच्या गुन्ह्यात पहिल्या किंवा दुसऱ्या वेळी कोर्टालासुद्धा लायसन्स काढून घेता येत नाही. कलम २० च्या परंतुकातच तसं म्हटलंय. पण त्याच गुन्ह्यात पोलीस पहिल्याच वेळी लायसन्स आरटीओकडे पाठवू शकतात आणि आरटीओ तीन महिने घेऊ शकतं. कोर्टाचे हात बांधलेले आणि टेबलावरच्या साहेबांचे मोकळे. हे मी त्या बँकवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, मला फक्त लवकर सोडवा, मला तीन वाजता ब्रँचला जायचंय."

आत गेलो. साहेब सौजन्याने वागले, खुर्ची दिली, हे मुद्दाम लिहिते. भाच्याने जे खरं तेच सांगितलं: ओव्हरटेक केला, चूक झाली, पण फोनवर नव्हतो. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे कबूलच आहे ना?"

मी म्हटलं, "साहेब, जे केलं ते कबूल आहे. नोटिशीत जे लिहिलंय ते कबूल नाही."

"ताई, तीन महिनेच आहेत हो. फाशी थोडीच आहे?"

त्यांच्यासमोर आदेशांचा गठ्ठा होता. वरच्या आदेशाकडे माझी नजर गेली. मजकूर आधीच छापलेला: 'आपण सादर केलेला खुलासा समाधानकारक नसल्याने आपली अनुज्ञप्ती तीन महिन्यांकरिता निलंबित करण्यात येत आहे.' मोकळ्या जागा फक्त नाव, नंबर आणि तारखेच्या. म्हणजे आम्ही तोंड उघडण्याआधीच आमचा खुलासा असमाधानकारक ठरला होता. छापखान्यातच ठरला होता म्हणा ना. कलम १९ च्या नव्या पोटकलमात दोन पर्याय आहेत. चालकाचं म्हणणं ऐकून त्याला सोडून द्यायचं, किंवा 'सविस्तर कारणं लेखी नोंदवून' निलंबित करायचं. सविस्तर हा कायद्याचा शब्द आहे, माझा नाही. त्या छापील कागदावर सोडून देण्याचा पर्यायच नव्हता, आणि सविस्तर कारण लिहायचं म्हटलं तर तेवढी जागाही नव्हती.

मी एवढंच विचारलं की तीन महिने जप्तीच्या दिवसापासून मोजणार का. नाही, आदेशाच्या दिवसापासून. म्हणजे लायसन्स ड्रॉवरमध्ये पडून होतं तो काळ भाच्याच्या पदरचा.

दोन तारे का, शून्य का नाही? एक तारा साहेबांच्या वागण्याला. त्यांच्याकडे दिवसाला किती फायली येतात ते व्हरांड्यात दिसत होतं. दुसरा तारा आदेशाची प्रत तिथल्या तिथे हातात मिळाली म्हणून. प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, आणि मुदत त्या प्रतीवरून मोजतात, म्हणून प्रत हातात असणं फार मोलाचं. मात्र अपील कुणाकडे करायचं ते आदेशावर कुठेही छापलेलं नव्हतं. ते आम्ही क्लार्कच्या मागे लागून काढून घेतलं.

अपिलाचा अनुभव थोडक्यात लिहिते, कारण तो साधा-सरळ होता. अपिलाच्या अर्जात मी रडगाणं घातलं नाही. तीन मुद्दे घातले: नोटिशीत मोबाइल आहे पण त्याचा पुरावा जोडलेला नाही, आदेशात कारण नाही, जप्तीचा काळ धरलेला नाही. एफआयआरची प्रत जोडली. तिथल्या अधिकाऱ्यांनी ती वाचली, आमच्यासमोर वाचली. निलंबन कायम ठेवलं, पण कारण बदलून 'अखंड रेषा ओलांडून धोकादायकरीत्या पुढे जाणे' असं लिहिलं आणि तीन महिने जप्तीच्या तारखेपासून धरले. हरलो म्हणा, जिंकलो म्हणा. भाच्याला मात्र बरं वाटलं. टेम्पोमालकाला आदेश दाखवून म्हणाला, "बघा, फोनचं काढलं." दुधाच्या धंद्यात फोनवर बोलत चालवणारा ड्रायव्हर अशी ख्याती झाली की कुणी उभं करत नाही.

आता कोर्ट. इथे मी जास्त लिहिणार, कारण इथे मला खरंच काही बघायला मिळालं.

पहिल्या तारखेला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात बसलो होतो. वाहतुकीच्या केसेसचा पुकारा भराभर होत होता. एकेक जण पुढे जायचा, "कबूल आहे?" "कबूल आहे", दंड, पुढचा. आमच्या बाजूला बसलेल्या रिक्षावाल्या काकांनी भाच्याला सल्ला दिला, "कबूल कर, पैसे भर, जेवायच्या वेळेला घरी." बाहेर पोलीसही तेच सांगत होते. वाईट हेतूने नव्हे. सगळ्यांचाच वेळ वाचतो.

पण १८४ खाली एकदा दोष कबूल केला की तो रेकॉर्डवर बसतो, हे कुणीच सांगत नव्हतं. पुन्हा त्याच कलमाखाली दोषी ठरलात तर कोर्टाला लायसन्स काढून घ्यावंच लागतं, तसं करायचं नसेल तर विशेष कारणं लिहावी लागतात. आणि ही मुदत पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. कलम २१ तर आणखी कडक आहे. आधी १८४ मध्ये दोषी ठरलेल्या माणसावर धोकादायक चालवून कुणाचा जीव घेतल्याची किंवा जबर दुखापत केल्याची नुसती केस नोंदली गेली, तरी लायसन्स सहा महिने आपोआप निलंबित. सुनावणी नाही, आदेश नाही. गुन्हा नोंदला त्या दिवसापासून. सहा महिने संपण्याआधी निर्दोष सुटलात तर तेव्हा मोकळं. म्हणजे ज्या सुनावणीत तुम्हाला उद्या बोलायचं असतं, ती आजच त्या एका 'कबूल आहे' मध्ये उरकलेली असते. जेवायच्या वेळेला घरी जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

भाच्याचा पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमनी आरोप वाचून दाखवला, मराठीत, सावकाश. भाचा पुढच्या चौघांचं ऐकून तयारच होता. "कबूल आहे, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सगळं कबूल, की काही कबूल?"

तो गडबडला. "ओव्हरटेक केला, मॅडम. फोनवर नव्हतो."

"मग सगळं कसं कबूल? वकील आहे का? याचा लायसन्सवर परिणाम होऊ शकतो, माहीत आहे का?"

मागे बसून माझ्या अंगावर काटा आला. आरटीओत जे मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ते इथे न्यायाधीशच विचारत होत्या. आरोपीने कबुली दिली तर ती शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असा फौजदारी प्रक्रियेचा जुना नियम आहे. नियम पुस्तकात असणं वेगळं आणि एवढ्या गर्दीच्या सकाळी कुणी तो पाळताना दिसणं वेगळं. मॅडमनी भाच्याचं वाक्य तसंच लिहून घेतलं आणि त्याला तालुका विधी सेवा समितीकडे पाठवलं.

विधी सेवा समितीला वेगळे तारे द्यायचे तर साडेचार. कोर्टाच्याच आवारात एक छोटी खोली. उत्पन्नाचा दाखला, आधार, एक अर्ज. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाचे लोक यांना वकील मोफत मिळतो. भाचा उत्पन्नात बसला. फुकटचा वकील म्हणजे तारखेला हजर राहणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आलेल्या वकीलताईंनी पहिल्या भेटीतच दोषारोपपत्राची प्रत काढायला लावली (ती आरोपीला फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसे मागितले तर देऊ नका) आणि माझ्याकडून घाटातल्या रेषांचा अर्थ समजून घेतला. तुटक रेषा म्हणजे काय, अखंड म्हणजे काय, दुहेरी म्हणजे काय, वहीत चित्र काढून घेतलं. अर्धा तारा कापला तो त्यांच्या फोनसाठी. फोन कायम बंद.

दोषारोपपत्रात घटनास्थळाचा पंचनामा होता, नकाशा होता, ब्रेकच्या खुणा मापलेल्या होत्या, वैद्यकीय दाखला होता, टेम्पोचे ब्रेक चांगले असल्याचा मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल होता. फोनचा एकही कागद नव्हता. ना कॉल रेकॉर्ड, ना साक्षीदार. आरटीओने तीन महिन्यांचा आदेश काढला तो यातला एकही कागद न बघता.

मग तारखा पडत गेल्या. कोर्टाचा एक तारा इथेच गेला. पंच येत नाही, तारीख. मॅडम रजेवर, तारीख. भाच्याचं निलंबन संपून तो पुन्हा टेम्पोवर बसला तरी केस चालूच. निकालाला उशीर हीसुद्धा शिक्षाच. फक्त ती आरोपीला आणि जखमी माणसाला सारखीच मिळते.

जखमी माणूस. त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. मोटरसायकलवाला तारखेला आमच्याच बाकड्यावर बसायचा. आरटीओच्या सुनावणीला त्याला बोलावलंच नव्हतं. टेम्पोवाल्याचं लायसन्स गेलं हे त्याला भाच्याकडूनच कळलं. कोर्टात तो साक्षीला उभा राहिला. अंगावर गाडी आली हे त्याने ठासून सांगितलं, काहीही हातचं राखलं नाही, आणि राखायला नकोच होतं. पण उलटतपासणीत वकीलताईंनी विचारलं तेव्हा हेही सांगितलं की ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसत होते, आणि त्यानेच मला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. जखमीला मदत करणं हे कलम १३४ प्रमाणे चालकाचं कर्तव्यच आहे, उपकार नाहीत. तरी लायसन्स किती काळ काढून घ्यायचं हे ठरवताना ती गोष्ट मोजायला नको का? छापील फॉर्मला ती कळणारच नव्हती. विचारल्याशिवाय ती कळत नाही, आणि विचारायचं तर समोर माणूस बसवावा लागतो.

निकालात भाचा दोषी ठरला. ठरायलाच हवा होता. मोबाइलबद्दल मॅडमनी एकाच वाक्यात लिहिलं की त्याचा कोणताही पुरावा नाही. मग शिक्षेवर दोन्ही बाजू ऐकल्या. सरकारी वकिलांनी लायसन्स आणखी काढून घ्यावं असं म्हटलं, आणि त्यांचा मुद्दा काही चुकीचा नव्हता: घाट, आंधळं वळण, धंदेवाईक चालक, याने तर जास्त जपून चालवायला हवं. वकीलताईंनी आरटीओचा आदेश आणि अपिलाचा निकाल पुढे ठेवला. मॅडमनी दंड केला आणि लायसन्सबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला: आधी तीन महिने भोगून झाले, गुन्हा पहिला, जखमीला मदत केली, म्हणून आणखी अपात्र ठरवत नाही. पाच-सहा ओळी असतील. पण आपलं काय बरोबर, काय चूक आणि किती, हे त्या ओळी वाचून भाच्यालाही कळलं. मॅडमनी त्याला तोंडीही बजावलं, "पुन्हा आलास तर माझ्याही हातात फारसं नसेल."

निकालाच्या नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा, हे इतरांसाठी सांगते. आणि कोर्टाने लायसन्सवर निर्बंध घातलेच, तर दोषसिद्धीवर अपील होत नसलं तरी फक्त त्या निर्बंधाविरुद्ध वरच्या कोर्टात जाता येतं. कलम २० मध्येच तशी सोय आहे. हेही बाहेर कुणी सांगत नाही.

रिफ्रेशर कोर्सबद्दल दोन शब्द, धंदा माझाच आहे म्हणून. २०१९ पासून निलंबित चालकाला हा कोर्स करावाच लागतो, त्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. कल्पना चांगली. भाच्याने जिथे केला तिथे वर्गात बसवून चिन्हं दाखवली, अपघातांचे व्हिडिओ दाखवले, सह्या घेतल्या. गाडीवर कुणी बसवलंच नाही. ज्याचं लायसन्स ओव्हरटेकपायी गेलं, त्याला घाटात नेऊन ओव्हरटेक कुठे सोडून द्यायचा ते दाखवायला नको? मी शेजारी बसून त्याच घाटात त्याच्याकडून ते करून घेतलं. ट्रॅक्टरच्या मागे दोन वळणं शांत बसवून ठेवलं. कोर्सला दोन तारे.

शेवटची तक्रार पोर्टलची. कार्ड परत मिळालं, खिशात आलं, पण ऑनलाइन रेकॉर्डमध्ये लायसन्स निलंबितच दिसत राहिलं. आता पोलीस कार्ड बघत नाहीत, मोबाइलवर नंबर टाकतात. त्यामुळे मुदत संपून गेल्यावरही त्याला नाक्यावर उभं करून ठेवलं, आणि कॅनमधलं दूध उन्हात. अपिलाचा आदेश, कोर्सचं प्रमाणपत्र आणि निकालाची नक्कल अशी फाइल तो तेव्हापासून सीटखाली ठेवतो. कारणाच्या रकान्यात अजून 'मोबाइल' दिसतंय, ते दुरुस्त करायचा अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर आलेलं नाही.